काट्याच्या चिमट्याला लागलेली काळजी

मी एक जुना चिमटा आहे. मित्रांनो, भाकरी उलटणारा चिमटा डोळ्यांसमोर आणू नका. तो माझा थोरला भाऊ, त्याला विस्तवाचीही भीती वाटत नाही. मी बोटाएवढा, पायात रुतलेला काटा काढणारा. आणि मी स्वभावाने घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला रोज दुसऱ्याच्या दुखऱ्या जागी जावे लागते, तो बेफिकीर कसा राहील?

पोहरादेवीच्या यात्रेत एका लोहाराने करवतीच्या मोडक्या पात्यातून मला घडवले. आधी तापवले, मग ठोकले, मधोमध वाकवले आणि दोन्ही टोके दगडावर इतकी घासली की त्यांच्यातून केससुद्धा निसटू नये. त्या वेळी मला वाटले, उगाच एवढी मेहनत घेतो आहे हा. काट्याला कशाला हवी इतकी बारीक पकड? यात्रेला आलेले शेतकरी दौलतराव तिथेच बसले, स्वतःच्या तळव्यातला काटा माझ्याकडून काढवून घेतला, आणि मगच त्यांनी मला खिशात घातले.

दौलतरावांचे घर मानोरा गावाजवळ. वांगी, मिरची, मेथी असा त्यांचा बगीचा, आणि भोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण. त्यामुळे मला कामाची कधी ददात नव्हती. शेजारपाजारची माणसेही लंगडत यायची आणि माझे नाव घ्यायची. कुणाचा खोल गेलेला काटा अखंड बाहेर आला, की सगळे मला उजेडात धरून पाहायचे. मी तेव्हा थोडा फुगायचो, खोटे कशाला बोलू? पुढे कुंपणाला तार आली, माणसांच्या पायांत बूट आले, आणि मी दाराजवळच्या खुंटीवर धूळ खात लटकून राहिलो. दौलतराव तेवढे अजून अनवाणी फिरत.

एके सकाळी साधनाने मला खुंटीवरून काढले. साधना म्हणजे दौलतरावांची सून. वय पंचेचाळिशीच्या पुढचे, मानोऱ्याच्या बाजारात भाजी विकायला तीच बसते. मला वाटले, हिच्या पायात काटा गेला. पण ती खिडकीपाशी गेली, हातात छोटा आरसा धरला आणि मला थेट हनुवटीवर नेले. तिथे एक काळा, राठ केस होता. मी आयुष्यात कधी कुणाच्या चेहऱ्याला शिवलो नव्हतो. मी तो केस उपटला. तिने डोळे मिटले आणि सुटल्यासारखा श्वास टाकला.

पण केस परत आला. सोबत आणखी आले, काही पांढरे, सुईसारखे ताठ. साधनाने मला खुंटीवर ठेवणे बंद केले आणि आपल्या बटव्यात लपवले. बाजारात भाजी तोलता तोलता तिचा हात हनुवटीकडे जायचा. गिऱ्हाईक जवळ वाकले की पदर तोंडावर यायचा. बटव्यात बसून मला तिची धाकधूक कळायची आणि मीही तिच्याबरोबर घाबरायचो.

त्यातच तिच्या मुलाचे, आदर्शचे, लग्न ठरले. मुलीचे नाव ज्योत्स्ना. घरात सगळे आनंदात होते, आणि साधनाला मात्र एकाच गोष्टीने ग्रासले होते. ती म्हणजे सूनमुख. लग्नानंतर सासू नव्या सुनेला जवळ बसवते आणि दोघी गालाला गाल लावून एकाच आरशात पाहतात. भोवती बायकांचा गराडा असतो, आणि आता तर प्रत्येकीच्या हातात मोबाइल असतो. आपली हनुवटी सुनेला इतक्या जवळून दिसणार, या विचाराने साधनाचा घास घशाखाली उतरेना.

मग तिचा शोध सुरू झाला. दोऱ्याने केस काढणारी पार्लरवाली मानोऱ्यात होती, पण ती नेमकी ज्योत्स्नाच्या गावची. गोष्ट तिकडे पोहोचायला कितीसा वेळ? वस्तऱ्याचे नाव काढले की तिला वाटे, तो बाप्यांचा मार्ग, आणि केस दुप्पट दाट येतील ते वेगळेच. अकोल्याला राहणारी मामेबहीण म्हणाली, लेझर कर. पण त्याला बऱ्याच खेपा लागतात आणि पांढऱ्या केसांवर त्याचा इलाज चालत नाही, असेही तिनेच सांगितले. शेवटी साधनाने मेडिकलमधून एक मलम आणले. ते होते पायांचे केस काढायचे. हनुवटी लालबुंद झाली. घरी तिने सांगितले, मिरच्या तोडताना हात लागला. सगळ्यांना ते पटले, कारण मिरचीच्या घरात असे होतेच.

म्हणून ती पुन्हा माझ्याकडे वळली. खरे सांगतो, मला थोडे बरे वाटले. आपण अजून कुणाला तरी लागतो, हे कुणाला आवडत नाही?

लग्न तोंडावर आले असताना वांग्याच्या वाफ्यात दौलतरावांच्या तळव्यात काटा मोडला. त्यांनी दोन दिवस अंगावर काढले आणि पाय ठणकू लागला. मग चिमट्याची आठवण झाली. खुंटी रिकामी! सगळे घर मला शोधू लागले. साधनाचा चेहरा उतरला. तिने हळूच मला बटव्यातून काढले आणि भाजीच्या टोपलीत सापडला म्हणून पुढे केले. मी काटा काढला, त्यामागून पू आला. दौलतरावांनी मला धोतराच्या सोग्याला पुसले आणि खुंटीवर टांगले.

दुसऱ्या दिवशी साधनाने घाईघाईत मला उचलले आणि तसेच हनुवटीला लावले. मित्रांनो, माझ्या टोकांना काय लागले होते ते मला ठाऊक होते. मला ओरडावेसे वाटत होते, आधी धू मला, उकळत्या पाण्यात टाक, काहीही कर. पण चिमट्याला कुठला आवाज?

जिथून केस निघाला, तिथेच गळू आले. हनुवटी टरारून सुजली.

घाबरून ती डॉक्टरीण बाईंकडे गेली आणि मला त्यांच्या टेबलावर ठेवले. सगळे ऐकून बाईंनी मला दोन बोटांत असे धरले की मी लाजेने मेलो. त्या तिला समजावून म्हणाल्या, पाळी जायच्या वयात पुष्कळ बायकांना असे केस येतात. एकाएकी फार वाढले किंवा आवाज बदलला तर मात्र तपासून घ्यायचे. वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत, कापलेले टोक नुसते खरखरीत लागते. दोरा चालेल, स्वच्छ आणि वेगळा चिमटाही चालेल, जे झेपेल ते तिने निवडावे. पण गळू बरे होईपर्यंत हनुवटीला काहीच लावायचे नाही, औषधाशिवाय.

म्हणजे सूनमुखाच्या दिवशी गळूही दिसणार आणि केसही. परत येताना साधनाने मनाशी काहीतरी ठरवले. घरी तिची सासू गोजराबाई मेथी निवडत बसली होती. साधना तिच्यासमोर बसली.

"आत्याबाई, सूनमुख तुमीच पाहा. मी तापानं पडली म्हणून सांगा."

गोजराबाईने तिच्या हनुवटीकडे पाहिले. "त्या पोरीले काय वाटन? सासूले माहं तोंड पाहाचं नाही, असंच वाटन तिले."

"वाटू द्या. मलेबी वाटलं होतं."

मेथी निवडणारा हात थांबला. साधना पुढे म्हणाली, "माह्या सूनमुखाले तुमी आरसा तिरपा धरला. मले एकटीचं तोंड दिसलं, तुमचं दिसलंच नाही. मी तुमाले पसंत नाही, हेच मनात धरून राह्यली मी इतके वर्स."

गोजराबाईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग तिने आपल्याच हनुवटीवरून बोट फिरवले.

"तू काहून पसंत नसशीन मले? माह्या हनुवटीवर केस होते, बाई. तुले दिसू नये म्हणून फिरवला मी आरसा."

मला त्या दोघींचे फार वाईट वाटले. दोन-चार केसांपायी एका घरात, एका चुलीशी, दोन बायका इतकी वर्षे एकमेकींना परक्या राहिल्या. एकीची जी लाज होती, ती दुसरीला नापसंती वाटली. दोघी रडल्या, आणि नंतर साधनाने ताप येण्याचा विषय काढला नाही.

सूनमुखाच्या दिवशी मी त्याच खोलीत खुंटीवर होतो. साधना आली ती पदर डोक्यावर घेऊन, पण तोंड उघडे ठेवून. हनुवटीवर पिवळे औषध, त्यातून वर आलेले केस. बायका कुजबुजल्या. तिने ज्योत्स्नाला जवळ घेतले आणि आरसा समोर धरला, अगदी सरळ.  ज्योत्स्नाची नजर आरशात आधी स्वतःवर गेली, मग सासूच्या डोळ्यांवर, मग खाली हनुवटीवर, आणि तिथेच थांबली. माझी दोन्ही टोके भीतीने आवळली गेली.

ज्योत्स्नाने थरथरणाऱ्या आरशाला खालून आपला हात लावला आणि हळूच विचारले, "दुखून राह्यलं का, आई?"

"दुखते थोडं," साधना म्हणाली. आणि आरशात दोघी हसल्या.

आता साधनाचे गळू बरे झाले आहे. तिने स्वतःसाठी छोटा वस्तरा निवडला. तिला तो सोपा पडतो आणि ती तो लपवत नाही. मी पुन्हा काट्यांपुरता उरलो आहे, आणि खरे तर तेच बरे. तरी काळजी काही सुटत नाही. आणखी किती घरांत माझे भाऊबंद न धुतलेले, बटव्यात दडवलेले असतील, या विचाराने मला अजून धास्ती वाटते.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. चिमटा वापरण्याआधी आणि नंतर नीट धुवा, आणि पायाचा चिमटा तोंडाला लावू नका. आणि तुमची आई, मावशी किंवा आजी हनुवटी झाकून बोलताना दिसली, तर हसू नका. टक लावून पाहूही नका. जवळ बसा आणि दुखते का, एवढेच विचारा. बऱ्याच दिवसांपासून तिला कुणी तसे विचारलेले नसते.