ओवलेल्या सुया

मास्तरांच्या तोंडी 'तुम्ही' आलं की समजावं, समोरच्याची आता धडगत नाही. एरवी त्यांचा सगळ्या जगाशी एकेरी कारभार. "हात वर कर. श्वास सोड. पोट आत ओढू नकोस, कोट पोटासकटच घालायचाय तुला," असं ते भल्याभल्यांना सुनवायचे आणि भलेभले निमूट हात वर करायचे. पण एखाद्याने तिसऱ्यांदा माप बदलायला लावलं, की मास्तर गळ्यातली टेप काढून तिची घडी घालायचे आणि अगदी गोड आवाजात म्हणायचे, "असं करा साहेब, तुम्ही दुसरीकडे बघा." तो माणूस पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नसे.

टाचणीला हे आठ वर्षांत पाठ झालं होतं. टाचणी हे नावही मास्तरांनीच ठेवलेलं. ती पहिल्यांदा काम शिकायला आली तेव्हा एकोणीस वर्षांची, अंगाने काडी आणि जिभेने तिखट. "बारीक आहेस आणि टोचतेस," मास्तर म्हणाले, "म्हणजे कामाची आहेस. बस." त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त घरच्यांपुरतं उरलं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला काच, मधोमध कापायचं टेबल, त्यावर लोंबता दिवा, भिंतीला दोन शिवणयंत्रं, आणि मागच्या पडद्याआड काजं करत बसलेल्या काकू, म्हणजे मास्तरांची बायको. टेबलाच्या कडेला खिळ्यावर मोठी कात्री. तिला मास्तरांखेरीज कोणी हात लावायचा नाही. टाचणीने आठ वर्षांत कच्चे टाके घातले, अस्तरं लावली, बाह्या चढवल्या, पण कापड एकदाही कापलं नाही. तिचा हात त्या कात्रीसाठी शिवशिवायचा. मागायची मात्र हिंमत नव्हती, एवढी तिखट असूनही.

सहाव्या वर्षी तिच्या लक्षात आलं की मास्तरांना सुईचं नेढं दिसत नाही. गिऱ्हाईक समोर असलं की ते एका हातात सुई, दुसऱ्या हातात दोरा धरून उगाच हवापाण्याच्या गप्पा काढत. गप्पा संपत, दोरा जिथल्या तिथे. तिला ते बघवेना. मग ती सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बारा सुया ओवून लाल गादीला टोचून ठेवू लागली. दिवसाच्या हातशिलाईला बारा पुरत. मास्तर त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. कालच्याच उरल्या असं त्यांना वाटत असेल, असं ती धरून चालली. तिनेही कोणाला सांगितलं नाही, काकूंना नाही, सख्ख्या आईलाही नाही. टाचणीच्या पोटात एखादी गोष्ट दोन वर्षं राहिली हे एक नवलच म्हणायचं.

आणि मग तो मखमली कोट आला.

गावातल्या थिएटरचे सगळे कपडे मास्तरांकडेच शिवत. तिथला मॅनेजर हा मोठा घाईखोर माणूस, कापड टाकलं की टेबलापाशी उभा राहून घड्याळ बघायचा. नव्या नाटकातल्या मुख्य नटासाठी त्याने गर्द हिरवी मखमल आणली. मखमलीची गंमत अशी की तिच्या अंगावरची लव एका बाजूला झोपलेली असते. एक तुकडा सुलटा आणि दुसरा उलटा कापला गेला, तर एकाच कोटात दोन रंग दिसतात. म्हणून टाचणीने कापडाच्या मागे खडूने बाण काढून ठेवले होते. मास्तरांनी डाव्या बाहीच्या मापाचा कागद ठेवला तो बाणाच्या बरोबर उलट. टाचणी कापडाचं दुसरं टोक धरून उभी होती. तिने पाहिलं. "मास्तर, बाण" एवढे दोन शब्द पुरे होते. पण मॅनेजर हातभरावर उभा. बाण न दिसणारा मास्तर त्याच्या डोळ्यांदेखत उघडा पडला असता. ती गप्प राहिली, आणि कात्री चालून गेली.

ट्रायलच्या दिवशी दिव्याखाली उभ्या केलेल्या त्या नटाची डावी बाही काळी दिसायला लागली. मॅनेजर ओरडायच्या आत मास्तरच ओरडले. "टाचणी! कापड तू धरलं होतंस ना? डोळे कुठे होते तुझे?"

डोळे कुठे होते! टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तिथल्या तिथे बाही उसवली आणि घरी गेली. घरी जाऊन मात्र एकेक शब्द घोळवत बसली, आणि रात्रभर घोळवलेल्या रागाला सकाळपर्यंत चांगली धार येते, हे काय वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उशिरा आली. सुया ओवल्या नाहीत. मॅनेजर नवी मखमल घेऊन आधीच हजर होता. मास्तर टेबलापाशी उभे होते. त्यांनी खिळ्यावरची कात्री काढली, मूठ तिच्याकडे करून पुढे धरली आणि म्हणाले, "या. बसा. आजपासून कापायचं तुम्ही."

तुम्ही.

आठ वर्षांत पहिल्यांदा. तेही चारचौघांत, त्या हलक्या, गोड आवाजात. पुढचं वाक्य तिला तोंडपाठ होतं, 'तुम्ही दुसरीकडे बघा.' ते यायच्या आत तिने तोंड उघडलं.

"मी कशाला कापू? तूच काप!" ती म्हणाली. "बाण काढले होते मी. तुला दिसले नाहीत. तुला सुईचं नेढं दिसत नाही! रोज सकाळी बारा सुया मी ओवून ठेवते, म्हणून तुझं दुकान चाललंय!"

पडद्याआड काकूंच्या हातून बटण पडलं. मास्तरांचा हात तसाच पुढे राहिला, कात्रीसकट. टाचणीने बोटातलं अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर राग उतरला होता.

परत जायला हवं होतं. त्याच क्षणी, फार तर दुसऱ्या दिवशी. तिने आठवडा जाऊ दिला, मग महिना, आणि मग लाज अशी घट्ट बसली की त्या फुटपाथवरून चालायचंसुद्धा तिने सोडलं. मॅनेजरच्या जिभेला हाड नव्हतं. मास्तरांना दिसत नाही ही बातमी पंधरा दिवसांत सर्वतोमुखी झाली. टाचणीने रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं छोटं दुकान टाकलं, नवी कात्री आणली, आणि काही दिवसांतच थिएटरचं काम तिच्याकडे चालत आलं. नाही म्हणायला हवं होतं. तिने माप घेतलं.

अशी चार वर्षं गेली. तिच्या हाताला नाव झालं. लोक तिला 'ताई' म्हणू लागले, टाचणी म्हणणारं कोणी राहिलं नाही. आपण मास्तरांना एकेरीवर बोललो, हे तिला अधूनमधून कॉलर इस्त्री करताना, जिना चढताना आठवे आणि ती एकटीच "शी!" म्हणे.

मग एका दुपारी काकू तिच्या दुकानात आल्या. केस पार पांढरे, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. टाचणी खुर्ची द्यायला धावली, पण काकू बसल्या नाहीत. त्यांनी पुडकं टेबलावर ठेवून सोडलं. आत मोठी कात्री होती.

"तुझी आहे, त्यांनी पाठवलीय," काकू म्हणाल्या. "दुकान बंद केलं आम्ही. आवरताना म्हणाले, 'ही टाचणीबाईंची कात्री इथेच राहून गेली, देऊन ये.'"

"माझी?"

"त्या दिवशी दिली नव्हती का तुला?"

"काकू, त्या दिवशी ते मला घालवत होते. 'तुम्ही' म्हणाले मला!"

काकू खुर्चीवर बसल्याच.

"अगं वेडे," त्या हळूच म्हणाल्या, "कोट बिघडला ना, त्या दिवशी ते जेवले नाहीत. ती बाही मांडीवर घेऊन नुसता तळहात फिरवत होते. उलटा, सुलटा. मग म्हणाले, 'चूक माझी, आणि ओरडलो पोरीवर. उद्या कात्री तिला देऊन टाकतो, आता मी टाके घालीन, ती कापेल.' त्यांच्या मास्तरांनी त्यांना कात्री दिली, त्या दिवसापासून त्यांना अहोजाहो केलं होतं. कात्री हातात आली की कारागीर, आणि कारागिराला अरेतुरे करायचं नाही. तो त्यांच्यातला मान आहे. मला वाटलं, तुला कळेल."

टाचणीला खाली बसावंसं वाटलं, पण दुकानात खुर्ची एकच होती.

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"मी निघाले होते तुझ्याकडे. त्यांनी अडवलं. म्हणाले, बोलल्या ते खरंच बोलल्या, खऱ्याची समजूत काय घालायची? तेव्हापासून घरातसुद्धा तुला 'त्या' म्हणतात. 'त्या असत्या तर हा खांदा असा बसला नसता.' मला आधी कळायचंच नाही, कोण त्या."

त्याच संध्याकाळी टाचणी गेली. दुकानाच्या काचेला आतून कागद लावले होते. काकूंनी बाजूचं दार उघडलं. टेबल होतं, दिवा काढलेला, खिळा रिकामा. मास्तर खिडकीपाशी स्टुलावर बसले होते, मांडीवर त्यांचाच जुना कोट, अस्तर सुटलेला. तिची चाहूल लागताच त्यांनी मान वळवली, तिच्या जरा डावीकडे.

"या," मास्तर म्हणाले. "बसा."

तेच दोन शब्द, तोच आवाज. त्यात टोमणा नव्हता. तेव्हाही नव्हता, हे आता तिला लख्ख ऐकू आलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मास्तर, मी तुम्हाला... मी 'तू' म्हणाले."

"त्याचं एवढं काय? ही पण भांडताना म्हणते."

"मी? कधी?" काकू आतून म्हणाल्या.

मास्तर हसले. टाचणीला हसता आलं नाही. "मी थिएटरचं काम घेतलं, मास्तर."

"घ्यायचंच. काम चांगल्या हातात गेलं." ते थोडा वेळ अस्तराची कड चाचपत राहिले. "सुयांचं तेवढं लागलं मला. खोटं कशाला बोलू? पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी दोऱ्याला दुहेरी गाठ मारतो, तुमची एकेरी. रोज सकाळी गादीवर हात फिरवायचो. बारा. कोणीतरी आपल्यासाठी गुपचूप काही करतंय, बोलून कशाला घालवा, म्हणून मी गप्प. वाटायचं, हे आपल्या दोघांतलं आहे."

तिचं गुपित, तिची दया असं ती समजत होती. ते त्यांचंही होतं, आणि त्यांनी ते तिच्याइतकंच जपलं होतं. तिने ते उचलून मॅनेजरच्या तोंडावर फेकलं होतं. याची माफी कुठल्या शब्दांत मागतात, तिला माहीत नव्हतं.

"मला पुन्हा 'तू' म्हणा ना, मास्तर," ती म्हणाली. "टाचणी म्हणा. नुसतं, काय गं टाचणी."

मास्तरांनी मान हलवली. "आता ते कसं जमेल? कात्री पोचली ना तुमच्याकडे?"

"पोचली."

"मग झालं तर."

ते प्रेमाने बोलले, म्हणूनच तिला जास्त लागलं. आयुष्यभर जो मान हवा होता तो मिळाला होता, आणि त्या मानापलीकडे ते आता कधी येणार नव्हते. चार वर्षांपूर्वी तिने कात्री घेतली असती, तर दिवसभर अहोजाहो ऐकून संध्याकाळी दोघं पोट धरून हसली असती.

खिडकीत ती लाल गादी होती. सुया टोचलेल्या, सगळ्या रिकाम्या.

"ओवून देऊ?" तिने विचारलं.

"द्या. हिलाही आता दिसत नाही धड."

तिने पहिली सुई उजेडाकडे धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पुढे नेलं. दोरा बाजूने गेला. पुन्हा नेला, पुन्हा बाजूने. नेढी दोन दिसत होती, मग चार, मग सगळंच पाण्यात बुडालं. तिने बाहीने डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा धरली. खोलीत आवाज नव्हता, पण मास्तरांना सगळं कळत असावं. त्यांनी अस्तर खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन ते थांबले.

"घाई करू नका," ते म्हणाले. "दिसत नसलं की वेळ लागतो."