ओलं फडकं

"बाई, तुमचा चिमटा आजही हसऱ्यावरच ना?" ताईने विचारलं.

"मग काय रडक्यावर लावू?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी मण्यांचा डबा गरजेपेक्षा जरा जोरात आपटला.

बालवर्गाच्या भिंतीवर ताईने एक फळा टांगला होता. त्यावर मुलांनीच मातीतून केलेली चार तोंडं: हसरं, रडकं, रागावलेलं आणि घाबरलेलं. कपडे वाळत घालायच्या चिमट्यावर प्रत्येकाचं चित्र. सकाळी आल्यावर जसं वाटत असेल त्या तोंडाखाली आपला चिमटा लावायचा. बाईंच्या चिमट्यावर फक्त एक चष्मा काढलेला होता. तो तीन महिने हसऱ्याखाली होता. इतका स्थिर चेहरा एखाद्या पुतळ्यालाही जमला नसता.

बाईंना हेवा वाटत होता असं कोणी म्हणालं असतं, तर त्यांनी त्याला शुद्धलेखन लिहायला बसवलं असतं. त्यांना काळजी होती, ती फक्त शिस्तीची. एकवीस वर्षं त्यांनी याच खोलीत पोरांना मणी ओवायला, ठोकळे रचायला आणि नाक पुसायला शिकवलं होतं. मग ही ताई आली. मधे कमरेएवढं कपाट ठेवून खोलीचे दोन भाग झाले. पलीकडे चिखल, पाणी, चाळण्या, फुगे. मोकळ्या तासाला मुलांनी हवं तिकडे जायचं. मुलं हवं तिकडे गेली, म्हणजे पलीकडे गेली.

झाडणाऱ्या मावशींनी तर परवा जखमेवर मीठ चोळलंच. "बाई, तुमच्या कोपऱ्यात झाडायलाच काही नसतं बघा. निगा भारी!"

एवढं सगळं बाईंनी गिळलं असतं. पण सोमवारपासून मुंगीही पलीकडे जायला लागली.

मुंगी भिंतीला चिकटून चालायची, म्हणून मुंगी. शाळेत आली तेव्हा तीन आठवडे रडत होती. बापाने फाटकाशी हात सोडवला की जो सूर लागायचा, तो डबा खायच्या सुट्टीपर्यंत. तेव्हा बाईंनी आपला जुना उपाय काढला. छोटी बादली, तिच्यात भिजवलेलं फडकं. ते मुंगीच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पीळ. यातलं पाणी संपेपर्यंत रडायचं. घाई नाही." मुंगीने पिळलं. बाई शेजारी छोट्या खुर्चीत बसून राहिल्या, गुडघे हनुवटीला लावून. गप्प बसायचं, हाच उपायाचा दुसरा भाग होता. शेवटचा थेंब पडला की त्या विचारायच्या, "कोरडं?" मुंगी मान हलवायची. पुढे तर बादली न लागताही ती बाईंचं डावं बोट धरून दिवसभर फिरायची. बाई एका हाताने हजेरी लिहायला शिकल्या होत्या.

आज ते बोट मोकळं होतं आणि त्याचं काय करावं हे बाईंना कळत नव्हतं. कपाटापलीकडून मुंगीचा आवाज आला, "ताई, माझा चिखल बघ, ढेकर देतोय!" मुंगी ओरडू शकते, हे बाईंना आजच कळलं. आनंद व्हायला हवा होता. तसा झालाही, पण दातात खडा यावा तसा.

मुलं हात धुवायला रांगेत गेली. खोलीत कोणी नव्हतं. बाई फळ्याकडे गेल्या, मुंगीचा चिमटा हसऱ्याखालून काढला, रडक्याखाली लावला आणि ठोकळे आवरायला लागल्या. ठोकळे आवरलेलेच होते.

हिशोब सोपा होता. ताई बघेल, म्हणेल, पोर इथे रमत नाही, जा गं बाईंकडे.

ताईने पाहिलंही. मुंगीसमोर उकिडवी बसून म्हणाली, "मुंगे, रडू येतंय?"

"नाही."

"मग चिमटा?"

मुंगीने फळ्याकडे पाहिलं. "मी नाही लावला."

"पैलवानाने केलं असेल!" कोणीतरी ओरडलं. वर्गात काहीही मोडलं, सांडलं किंवा हरवलं की या दांडग्या पोराचंच नाव निघायचं. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

"मी नाही!" पैलवान म्हणाला. "देवाशप्पथ मी नाही!"

"तूच! तूच!"

पैलवानाचा खालचा ओठ बाहेर आला आणि थरथरायला लागला. एकवीस वर्षांत बाईंनी असे हजारो ओठ पाहिले होते. असे ओठ थोपवायचे कसे, ते त्यांना पाठ होतं. या खेपेला त्याला एकच मार्ग होता.

"गप्प बसा रे," बाई म्हणाल्या. "चिमटा मी हलवला."

सगळी पोरं बाईंकडे वळली. मोठ्या माणसाने कबूल केलेलं त्या पोरांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"का?" पैलवानाने नाक ओढत विचारलं.

"रडक्यावर मला माझा लावायचा होता. मुंगीचा लावला. चुकले मी. तुझ्यावर आळ आला, त्याचंही वाईट वाटतं मला."

ताईने बाईंकडे पाहिलं. तिला काय कळलं ते तिचं तिलाच ठाऊक. तिने मुंगीचा चिमटा परत जागेवर लावला आणि चष्म्याच्या चिमट्याला हात लावला नाही. तो बाईंनीच उठून रडक्याखाली हलवला.

त्या छोट्या खुर्चीत येऊन बसल्या. थोड्या वेळाने फरशीवर काहीतरी घासत येत असल्याचा आवाज आला. मुंगी दोन्ही हातांनी बादली ओढत आणत होती. निम्मं पाणी वाटेतच सांडलं होतं. तिने फडकं बुडवलं आणि निथळतं तसंच बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"पिळा," ती म्हणाली. "घाई नाही."

मग शेजारची खुर्ची ओढून बसली आणि गप्प राहिली.

बाईंनी पिळलं. पाणी बादलीत पडत राहिलं, आधी धारेने, मग थेंबांनी. पलीकडे कोणीतरी हाक मारली, "मुंगे, चिखल वाळतोय!" मुंगीने मान वळवली, पण उठली नाही. तिने बाईंच्या मुठीत डोकावून पाहिलं.

"कोरडं?"

"कोरडं," बाई म्हणाल्या. "जा."

मुंगी उठली आणि खोलीच्या मधोमध, भिंत सोडून, पळत गेली.

बाईंनी मूठ सैल केली. फडक्यातून आणखी एक थेंब पडला. त्यांनी बादली हलकेच पायाने खुर्चीखाली सरकवली.