गळकी म्हणणाऱ्यांनो, ऐका

हो, मीच ती ब्युरेट, वरच्या कडेचा टवका उडालेली. आता मला बोलू द्या, आजवर खूप ऐकून घेतलंय.

कारागिरानं भट्टीत काचेची नळी सरळ ओढली, अंगावर बारीक रेघा कोरल्या, खाली तोटी बसवली, तो माझा जन्म. काम एकच. पोटात अल्कली घ्यायची, थेंब थेंब आम्लात सोडायची आणि फ्लास्कमधलं पाणी गुलाबी झालं की किती दिली ते सांगायचं. त्यावरून मुलं आम्लाचा रेणुभार काढतात आणि अनोळखी आम्ल ओळखतात. म्हणजे, ओळखायला हवं.

पण प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळची बॅच बाहेर पडताना दुपारच्या बॅचला आम्लाचं नाव फोडते. मग मंडळी आधी उत्तर धरतात आणि त्यात बसेल असं रीडिंग लिहून मोकळी होतात. मी आपली नुसती शोभेला.

त्या दुपारी माझ्यापुढे एक मुलगी उभी होती, गेल्या वर्षी याच विषयात नापास झालेली. "यंदाही नापास झालीस तर कॉलेज बंद," असं वडिलांनी बजावलेलं. सकाळच्यांनी नाव फोडलं होतं बेन्झॉइक. त्या हिशेबानं दहा मिली लागायला हवे होते. माझ्यातून गेले वीस.

"अगं, तुझी ब्युरेट गळकी आहे," शेजारची कुजबुजली. "दहा लिही ना. आम्ही सगळ्यांनी तेच लिहिलंय."

गळकी? नाचता येईना, अंगण वाकडं! असा संताप आला म्हणून सांगू.

मुलीनं तोटी बंद करून टोकाखाली कागद धरला. कोरडा ठाक. मला पुन्हा भरलं, पुन्हा वीसच. रेणुभार आला त्रेसष्ट, आणि भिंतीवरच्या आम्लांच्या तक्त्यात त्रेसष्टला एकच नाव होतं, नायट्रिक.

"पण ते तर पातळ असतं," ती पुटपुटली. "मी तर खडे विरघळवलेत." पेन दहा लिहायला कागदावर टेकलंसुद्धा. माझा जीव टांगणीला.

मग ती थांबली. या आम्लाचा एक रेणू अल्कलीचे दोन रेणू खात असेल तर? मग खरा रेणुभार त्रेसष्टाची दुप्पट, एकशे सव्वीस. तक्त्यात त्यापुढे ऑक्झॅलिक, आणि तेही खड्यांचंच! तिनं रीडिंग वीसच लिहिलं.

परीक्षक मॅडम आल्या. "सगळ्यांचं दहा, तुझंच वीस कसं गं?"

"तुमच्यासमोर परत करते, मॅडम."

दहा ओलांडले, पाणी नितळच. विसाला गुलाबी झालं. "दुपारी आम्ल मी बदललं होतं," मॅडम म्हणाल्या आणि तिच्या कागदावर सही केली. ती पास झाली. तिचं कॉलेज सुटलं नाही.

बाकीच्यांनी माझ्याच नावानं बोटं मोडली. मोडा की. माझ्या रेघा काचेत कोरल्यात, खोडरबरानं जात नाहीत. उद्या कुणाच्या हातून फुटले तर खुशाल केरात टाका. पण तोवर माझ्यापुढे आलात तर वाका, डोळा रेघेला आणा आणि दिसेल तेच लिहा.