योगीराजची पेटी

माणूस गेल्यावर त्याचं अंथरूण कुठं टाकायचं, अंगावरची कापडं कुणाला द्यायची, तिरडीचे बांबू कुणी मोडायचे, याचे नियम बीदरकडच्या मेहकर गावातल्या धनगर गल्लीत पक्के होते. पेटीचं काय करायचं, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. गल्लीत आजवर कुणी पेटीतून आलंच नव्हतं.

पिराप्पाचा एकुलता एक योगीराज आला तो असा. चार वर्षांपूर्वी आखातात क्रेन चालवायला गेला, दर शुक्रवारी फोन करायचा, आणि घरात त्याच्यासाठी मुली बघणं चालू असतानाच एका सकाळी दुसऱ्याच कुणाचातरी फोन आला. झोपेतच गेला म्हणाले. कागदपत्रं पुरी होऊन देह हैदराबादेत उतरायला सव्वीस दिवस लागले. हुमनाबादेवरून अँब्युलन्स गावात शिरली तेव्हा सारा गाव वेशीत उभा होता.

ड्रायव्हर उतरल्या उतरल्या पिराप्पाला बाजूला घेऊन म्हणाला, "अप्पा, पोराच्या तोंडावरचं कापड उघडू नका. लय दिवस झालेत. बघवणार न्हाई."

त्यांच्यात रीत अशी की पुरायच्या आधी तोंड उघडं करायचं, आणि सगळ्यात आधी आईनं तोंडात पाणी घालायचं. अनसाबाई तांब्या घेऊन उभीच होती. पिराप्पानं तिच्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, आणि सांगून टाकलं, "उघडायचं न्हाई."

ती कशी ओरडली ते गल्ली अजून विसरलेली नाही. चौघींनी तिला धरून घरात नेलं. मग शिवलेल्या पांढऱ्या कापडासकट देह पेटीतून उचलला, बापाच्या घोंगड्यात गुंडाळला आणि खड्ड्यात ठेवला. माती मातीला भिडली पाहिजे, मधे लाकूड आलं तर माणूस अडकून राहतो, असं जुनी माणसं सांगतात. त्यामुळं पेटी वरच राहिली.

मग शहाण्यांना काय तोटा? एक म्हणाला, जाळून टाका. दुसरा म्हणाला, जाळता कामून, चांगली फळी हाय, ज्वारी ठेवायला होईल. तिसऱ्यानं तर फळीवर बोटांनी वाजवून बघितलं आणि दाराच्या दोन झडपा निघतील असा हिशोबही मांडला. मातीचे हात धुवायच्या आधी! पिराप्पानं सरळ टेम्पो बोलावला, पेटी चढवली आणि घरामागच्या मेंढरांच्या छपरात नेऊन ठेवली.

"माझी पाळी आली की मला यातच घाला," एवढंच तो भावकीला म्हणाला.

"अरं, आपल्यात पेटी चालत न्हाई."

"मग नका घालू."

खरं कारण त्याचं त्यालाच माहीत होतं. मेंढरं सोडायच्या आधी तो रोज झाकण उचलायचा आणि आत बघत उभा राहायचा. आत काहीच नव्हतं. त्या दिवशी आपण एकदा, नुसतं एकदा बघायला पाहिजे होतं, हे त्याच्या काळजाला रोज नव्यानं डाचायचं. बायकोला वाचवायचं म्हणून नको म्हणालो, असं तो स्वतःला समजावायचा. पण भ्यायला होता तो स्वतः. तोंड ओळखू आलं नाही तर काय करायचं, याला भ्यायला होता.

अनसाबाई मात्र रडायचीच थांबली होती. तिसऱ्या दिवसाच्या विधीला आली नाही, मातीवर कधी गेली नाही. शुक्रवारी फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवायची. नवऱ्याशी तिचं एकच बोलणं उरलं होतं.

"कुणाला पुरून आलाव तुमी?"

पिराप्पा उठून छपराकडं निघाला की ती मागून म्हणायची,

"माझा योगी येतंय बघा. ती पेटी दुसऱ्याच्या लेकराची हाय. ज्याची त्याला देऊन टाका."

दोन महिने असे गेले. उन्हाळा तापला, आणि ऐन वैशाखात चन्नव्वा गेली. गावात ख्रिश्चनांची पाच-सहा घरं, त्यातली ही सगळ्यात म्हातारी. दवाखान्याचे दिवस येण्याआधी साऱ्या गावाची सुईण तीच होती. तिचा मुलगा भीमण्णा सकाळीच पिराप्पाच्या अंगणात येऊन उभा राहिला. बसला नाही. टोपी हातात घेऊन चुरगाळत राहिला.

"मामा, कसं इचारावं कळंना. गावचा सुतार लेकीकडं गेलाय. बीदरहून पेटी यायला उद्याची दुपार व्हतीय. ह्या उन्हात मायला तवर कसं ठेवावं?"

पिराप्पाला समजलं. तो छपराकडं बघत राहिला.

"एकदा वापरल्याली हाय," तो कसाबसा म्हणाला. "तुमच्यात चालती का?"

"म्या पास्टरला इचारलं. तेनी म्हनले, येशूला बी दुसऱ्याच्याच कबरीत ठेवलं व्हतं. चालतंय म्हनले." भीमण्णाचा आवाज खाली गेला. "पर तुमच्या मनाला लागत आसंल तर ऱ्हाऊ द्या. म्या आलोच न्हाई समजा."

पेटी गेली की संपलंच, मग सकाळी बघायला तेवढंही उरणार नव्हतं. नाही म्हणायला पिराप्पानं तोंड उघडलंही. तेवढ्यात दारातून अनसाबाई बोलली.

"देऊन टाका. आपली न्हाईच ती."

द्यायची नाही म्हणून ती पेटी आपली ठरवायची, म्हणजे ह्या बाईच्या तोंडावर लेक मेला म्हणून पुन्हा सांगायचं. ते काही त्याच्यानं झालं नाही. त्यानं बादली भरून आणली, पेटी आतून-बाहेरून आपल्या हातानं धुतली, उन्हात वाळवली आणि एक बाजू स्वतः धरून भीमण्णाच्या घरापर्यंत नेली.

संध्याकाळी मातीला दोघंही गेले. अनसाबाई येईल असं पिराप्पाला वाटलं नव्हतं. दोन महिन्यांत तिनं उंबरा ओलांडला नव्हता. पण चन्नव्वाच्या मातीला गेलं नाही असं एकही घर त्या दिवशी गावात नव्हतं.

कानडीतलं गाणं झालं, प्रार्थना झाली, आणि पिराप्पाला जे माहीत नव्हतं ते घडलं. खड्ड्याच्या काठावर भीमण्णानं पेटीचं झाकण उघडलं. खिळे मारायच्या आधी सगळ्यांनी शेवटचं तोंड बघायचं, ही त्यांची रीत.

लोक एकेक करून पुढं जाऊन मागं सरकले. पिराप्पा जागचा हलला नाही. रोज रिकामी बघितलेली ती पेटी, आणि आज आत माणसाचं तोंड. ओळखीचंच असणार, पण तो होता तिथून ते दिसत नव्हतं.

अनसाबाई पुढं गेली. काठाशी मातीत गुडघे टेकून बसली. चन्नव्वाच्या गालावर हात ठेवला आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली.

"अक्का, माझ्या योगीचं तोंड पहिल्यांदा तूच बघितलीस गं. माझ्या बी आधी." तिनं म्हातारीच्या कपाळावरचे केस सारले. "आता तू जायलीस. तो तिकडंच हाय. त्याचं तोंड एकदा नीट बघ माय, मला न्हाई बघू दिलं. पाणी बी पाज त्याला. तहानल्यालाच गेलाय."

तो तिकडंच हाय. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती असं म्हणाली होती. पिराप्पा तिच्या शेजारी जाऊन मातीत बसला, आणि एवढे दिवस आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. म्हातारा माणूस सुईणीसाठी एवढा रडतोय म्हणून लांबून आलेले पाहुणे बघतच राहिले.

"चुकलं माझं, अनसे," तो म्हणाला.

तिचा हात चन्नव्वाच्या गालावरच होता. हातोडी घेऊन भीमण्णा कधीचा उभा होता. ऊन कलत होतं.

"मामा, झाकू का आता?"

"थांब जरा," अनसाबाई म्हणाली. "यांनी बघितलं न्हाई अजून."

आणि तिनं नवऱ्याचा हात धरून त्याला पेटीवर वाकवलं.