गंगाखेडवाला चाकू

उद्धवच्या चाकूंना नावं नव्हती, गावं होती. मानवतच्या आठवडी बाजारात घेतलेला मानवतवाला, चुलत्याने निजामाच्या राज्यात असताना आणलेला पितळी मुठीचा हैद्राबादी, आणि रोज खिशात असायचा तो गंगाखेडवाला. आजोबांच्या अस्थी गंगाखेडला गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडायला गेला तेव्हा घाटाबाहेर बसलेल्या लोहाराकडून त्याने तो घेतला होता. सुतकात असं काही विकत घ्यावं का, हा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. उद्धव वालूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, त्याला तो पडला नाही.

असे एकूण नऊ. सगळे मिटणारे, खिशात मावणारे. रविवारी सकाळी ओसरीवर पोतं अंथरून तो नऊही जणांना ओळीने मांडायचा, खोबरेलाचं बोट फिरवायचा, दगडावर धार लावायचा. पाहुण्यारावळ्यांची एवढी खातिरदारी त्या घरात कधी झाली नाही. पोरांच्या पेन्सिली, ऊस, पुस्तकांच्या पार्सलची सुतळी, गावात कुणाला काही कापायचं असलं की लोक मास्तरांच्या खिशाकडे बघत, आणि मास्तरांनाही तेच हवं असायचं.

लग्न होऊन पद्मजा परभणीहून आली तेव्हा आठवड्यातच तिला नऊ चाकूंचे नऊ आवाज ओळखू यायला लागले. गंगाखेडवाल्याची स्प्रिंग कडक, तो दोन टप्प्यांत उघडायचा. आधी कर्र, मग टक. पहिल्याच दिवशी उद्धवने तो उघडून तिच्या हातात दिला होता, पेरू कापायला. तिने सवयीने हात मागे घेतला. चाकू हातोहात द्यायचा नसतो, नात्यात काप पडतो. देणाऱ्याने खाली ठेवायचा आणि घेणाऱ्याने उचलायचा, हे तिच्या आईने तिला लहानपणीच शिकवलं होतं. उद्धव हसला आणि म्हणाला, धर, काही होत नाही. तिने धरला. काही झालं नाही. कारकुनाच्या घरात उंबऱ्यापासून चुलीपर्यंत सगळं पाळत वाढलेल्या त्या पोरीला एकदम हलकं वाटलं. हा माणूस आपल्याला आवडणार, हे तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

ते अठ्ठ्याहत्तर साल होतं. लग्नानंतर दोनेक महिन्यांत नामांतराच्या दंगली पेटल्या, खेड्यापाड्यांत घरं जळाली. तिच्या वडिलांनी चिठ्ठी पाठवली, जावईबापूंनी चाकू घेऊन एसटीत बसू नये. उद्धवने नऊही चाकू महिनाभर ज्वारीच्या कणगीत ठेवले. त्या महिन्यात त्याचा उजवा हात सारखा मोकळ्या खिशाकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. पद्मजाला तेव्हा त्याचं हसू यायचं.

ऐंशीच्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण आलं. दुपारचं, आणि मोठं. पद्मजाला पाचवा महिना लागला होता.

सासू धुरपताबाई आठ दिवस आधीपासून तयारीला लागल्या. मधल्या खोलीत पद्मजाने सरळ पडून राहायचं. कूस बदलायची नाही, अंग खाजवायचं नाही, पदराला गाठ मारायची नाही, आणि कापायचं तर काहीच नाही. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं सानंसुद्धा त्यांनी पोत्याने बुजवून घेतलं. सकाळी त्यांनी घरातली विळी, अडकित्ता, कात्री, खुरपी पत्र्याच्या पेटीत टाकली आणि मुलापुढे हात पसरला.

"तुजे बी आण."

उद्धवने सुरू केलं. सूर्य, चंद्र, पृथ्वी, सावली. कंदील आणि चेंडू घेऊन त्याने हे सातवीच्या वर्गाला शिकवलं होतं. धुरपताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पोर काय तिची एकलीचीच हाय का? बापाला बी पाळावं लागतंय," त्या म्हणाल्या.

आईचं मन मोडायला नको म्हणून त्याने चाकू आणून पेटीत टाकले. कुलूप लागलं, किल्ली कमरेला गेली. पेटीत पडताना झालेले आवाज पद्मजाने आतून मोजले. आठ होते. नववा त्याच्या खिशातच राहिला होता. तिला बरंच वाटलं, की घरात निदान एक माणूस आज मोकळा आहे.

दुपारी अडीचच्या सुमारास गाव गप झालं. धुरपताबाई देवापुढे माळ घेऊन बसल्या. उद्धव काजळी धरलेली काच घेऊन अंगणात गेला. पद्मजा अंधारात पाठीवर पडून राहिली. पाठीला रग लागली, पायाला मुंग्या आल्या, नाकावर घामाचा थेंब येऊन थांबला आणि तो पुसायचीही चोरी. दाराच्या फटीतला उजेड आधी पिवळा झाला, मग राखेसारखा. कोंबड्या खुराड्याकडे परतल्या. आणि अंगणात बांधलेली कालवड बिथरली.

खुंट्याभोवती तिच्या गरागरा फिरण्याचा आवाज आला. मग हंबरणं. मग ते हंबरणं घशातच अडकायला लागलं. गळ्यातलं दावं आवळत चाललंय हे पद्मजाला आतून कळलं. उठता येत नव्हतं. देवापुढूनच धुरपताबाईंनी ओरडून सांगितलं, कुणी हात लावू नका, सुटू द्या गिऱ्हाण. कालवडीच्या घशातून आता नुसती घरघर येत होती.

कर्र. टक.

मग धप्पकन काहीतरी पडलं आणि कालवडीने मोठा, खरखरीत श्वास घेतला. पद्मजानेही घेतला. तिला रडूच फुटलं, आणि ते बरं वाटण्याचं रडू होतं.

ग्रहण सुटल्यावर उद्धवने आईला सांगितलं की दावं तुटलं. आंघोळी झाल्या, पेटी उघडली. सांजेला पद्मजा अंगण झाडायला गेली तर दाव्याचा तुकडा खुंट्यापाशीच पडलेला, आणि त्याचं टोक पेरूच्या फोडीसारखं साफ. तिने तो उचलून चुलीत घातला. नवऱ्याला आईची बोलणी खायला लागू नयेत, एवढाच तिचा हेतू होता. पुढे दोन वर्षं तिला त्या तुकड्याची आठवण येत राहिली.

जुलैमध्ये मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला.

सुईण तानुबाईने पोर पुसली, दिव्याजवळ धरली आणि पद्मजाच्या आधी धुरपताबाईंकडे पाहिलं. तिथून सुरू झालं. काय कापलंस गं? पहिल्यांदा सासूने विचारलं, मग गल्लीने, मग आडावर, मग सेलूच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनेसुद्धा. प्रत्येकीकडे स्वतःचा अंदाज तयार होता. नख कुरतडलं असशील. दोरा तोडला असशील दातानं. शेजारची कडूबाई तर खात्रीने सांगायची की हिने उशाखाली सुई ठेवली होती. मुलीला अंगावर ओढता येईना. वाटी-चमच्याने थेंबथेंब दूध पाजताना पद्मजाला तासन्‌तास बसावं लागे, आणि त्या तासांत ती त्या दुपारचा एकेक क्षण उलटापालटा करी. नाकावरचा घाम पुसला होता का आपण? बोटाने टिपला की नखाने? तिला खरंच आठवेना. जे केलंच नाही त्याचा हिशोब द्यायचा म्हणजे माणसाने सुरुवात तरी कुठून करायची?

उद्धव मात्र तिच्या बाजूने होता. म्हणजे तसं तो म्हणायचा. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच घडतो, ग्रहण पाचव्यात होतं, कुणाच्या कापण्याचा काही संबंध नाही. उद्धव हे घरात, दारात, पारावर सगळ्यांना ऐकवायचा. सगळं खरं होतं आणि कुणी ऐकत नव्हतं. पद्मजाला वाटे, नका शिकवू यांना चंद्र-सूर्य. नुसतं एवढं म्हणा, की त्या दिवशी चाकू मी काढला होता. त्यांच्या हिशोबाने का होईना, तिचं नाव त्या खात्यातून खोडलं गेलं असतं. पण तेवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

आणि मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं की बरेच दिवस कर्र-टक ऐकूच आलं नाही. उद्धव शाळेत निघाला होता. उजवा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला.

"गंगाखेडवाला कुठाय?" तिने विचारलं.

"हाय पेटीत. मूठ ढिली झालीय त्याची."

त्याच दुपारी तिने पेटी उघडून पाहिला. मूठ घट्ट होती. नऊच्या नऊ फडक्यात बांधून तळाशी ठेवले होते. पद्मजा पेटीपाशी फतकल मारून बसली. तिला एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच खरी भीती वाटली. कंदील आणि चेंडू घेऊन ग्रहण शिकवणारा हा माणूस मनातून ते मानत होता. सासूपेक्षा, कडूबाईपेक्षा जास्त मानत होता. आपल्या पोरीचा ओठ आपण कापला, असं धरून बसला होता, आणि म्हणूनच बोलत नव्हता. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्ही घेऊन जायला त्या घरात जागा नव्हती. माहेरी सांगावं तर वडील म्हणणार, नवरा चांगला आहे, मारत नाही, पीत नाही.

मुलगी तानी सात महिन्यांची झाल्यावर औरंगाबादच्या दवाखान्यात ओठ शिवून घेतला. डॉक्टरांनी काम सुरेख केलं. नाकाखाली एक बारीक रेघ राहिली, तानी हसली की थोडी ओढली जायची. पद्मजाला ती रेघ आवडायची. गावात तानीचं नाव गिऱ्हाणाची पोरगी पडलं ते पडलंच.

ब्याऐंशीच्या सुरुवातीला उद्धवची धाकटी बहीण नर्मदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातव्या महिन्याची ओटी ठरली. पद्मजा पहाटेपासून राबत होती. पुरण तिने घातलं, तांदूळ तिने निवडले, नारळ सोलून ठेवले, पाटाभोवती रांगोळी काढली. गल्लीतल्या बायका जमल्या. घरची सून म्हणून पहिली ओटी तिने भरायची. ती कुंकवाचं ताट घेऊन पुढे झाली तशा धुरपताबाई मध्ये आल्या. त्या ओरडल्या नाहीत. हळूच, समजुतीनेच बोलल्या.

"तू आज भायेर बस माय. पोरीला घेऊन बस. नर्मदीचं पयलंच हाय."

बायकांनी माना खाली घातल्या. नर्मदा पोटावर हात ठेवून पाटाकडे बघत राहिली. पद्मजाने ताट खाली ठेवलं. दारात उद्धव फुलांचा हार घेऊन उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई," तो म्हणाला, "त्या दिशी कापलं ते म्या कापलं. कालवडीचं दावं. गंगाखेडवाला माज्या खिशात व्हता."

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी पद्मजा थांबली होती ते सगळ्या गल्लीसमोर बोललं गेलं होतं. आता सासू वळेल, आता कडूबाई वळेल, आता कुणीतरी आपल्याकडे बघून ताट उचल म्हणेल. तिचे हात आपोआप ताटाकडे गेलेसुद्धा.

धुरपताबाई मुलाकडेच वळल्या.

"मग काय झालं?" त्या म्हणाल्या. "बाप्या मानसाच्या कापण्यानं काय व्हतंय? पोटुशी तर तीच व्हती."

"तूच म्हनली व्हतीस, बापाला बी पाळावं लागतंय."

"पाळावं लागतंय. बाधत न्हाई."

कडूबाईने मान डोलावली. आणखी दोघीचौघींनी डोलावली. बाप्याला कधी बाधलंय का, असं कुणीतरी मागून म्हणालं. पद्मजा उद्धवकडे पाहत होती. आता हा चिडेल, डॉक्टरांचं सांगेल, निदान हार तरी फेकून देईल. उद्धवने दोन पावलं पुढे येऊन आईला विचारलं, अगदी हळू, सातवीतल्या पोराने विचारावं तसं.

"खरंच न्हाई बाधत?"

"न्हाई रं बाबा. तू कशाला जीवाला लावून घ्यायलास?"

त्याचे खांदे खाली आले. दोन वर्षं वर चढून बसलेले खांदे पद्मजाच्या डोळ्यांदेखत खाली आले. त्याने हार नर्मदाच्या पाटाशी ठेवला आणि डोळे पुसत बाहेर गेला. थोड्या वेळाने ओटी सुरू झाली. ताट कडूबाईने उचललं. पद्मजा तानीला कडेवर घेऊन कालवडीच्या खुंट्यापाशी जाऊन बसली, कारण सावली तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पद्मजा तानीचे केस विंचरत होती. ओसरीवरून आवाज आला. कर्र. टक.

ती बाहेर आली. पोतं अंथरलं होतं, नऊही जण ओळीने मांडलेले, खोबरेलाचा वास सुटलेला. उद्धवने कितीतरी दिवसांनी दाढी नीट केली होती. शेजारी पेरूंची टोपली होती. तिला पाहून तो खरंच आनंदाने हसला आणि उघडा गंगाखेडवाला मुठीकडून तिच्यापुढे धरला. तानीला दे कापून, म्हणाला, तुझ्याच हातची फोड खाते ती.

पद्मजाने हात पुढे केला नाही.

"खाली ठेवा," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. मग तो हसायला लागला. "आता? तू कवापासून पाळायला लागलीस?"

"बायांना बाधतंय," ती म्हणाली, आणि त्याने चाकू पोत्यावर ठेवेपर्यंत तशीच उभी राहिली.