बादली वर येईपर्यंत

भाचीच्या हाती स्टॉपवॉच आलं तेव्हा मामा सगळ्या खात्याला सांगत सुटले होते, की आता आपल्या घोळाला घरचीच परीक्षक मिळाली. सहा महिन्यांत त्याच घड्याळानं त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

कारखाना वॉशबेसिनांचा होता. तळमजल्यावरच्या हौदात मामा पांढरी माती, पाणी आणि मिश्रण वाहतं राहावं म्हणून थोडंसं सिलिकेट ढवळून घोळ तयार करत. तो प्लास्टरच्या साच्यात ओतला की साचा पाणी शोषून घेई आणि आतल्या कडेला मातीचं बेसिन धरू लागे. घोळ तपासायला एक पितळी पेला होता, बुडाला बारीक भोक असलेला. तो काठोकाठ भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. पंचवीसच्या आसपास आले तर ठीक. तिसाच्या वर गेले तर भाचीनं चिठ्ठी लिहायची: हौदात चार बादल्या पाणी घाला.

गेले तीन आठवडे रोज चिठ्ठी जात होती, आणि रोज वाळणाऱ्या बेसिनांना नळाच्या भोकाशी तडे पडत होते. पाणी जास्त झालं की माती वाळताना जास्त आक्रसते, हे तिथे झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. सुपरवायझरनी सरळ अर्थ लावला. म्हातारा मुळात घोळच घट्ट करतो, मग त्याला पाणी पाजावं लागतं. सोमवारपासून मामांनी हौद सोडायचा आणि पॅकिंगला खोकी बांधायला बसायचं.

"हात तोच, माती तीच, मापं तीच," मामा म्हणाले. "तीन आठवड्यांत मी काय वेगळा माणूस झालो?"

"मामा, आकडा मी बनवत नाही. अडतीस आले तर अडतीसच लिहिणार."

"लिही की, मोजणीबाई. उद्यापासून घरचं दूधही त्या पेल्यातून मोजून घे."

आजूबाजूचे हसले. ती हसली नाही. आई गेल्यापासून ती मामांच्याच घरी राहत होती, आणि हे दूध तापवायचं काम मामांचंच होतं.

गुरुवारी पेल्याच्या भोकात ब्रशचा एक केस अडकला. धार मध्येच तुटली. तिनं घोळ परत नमुन्याच्या बादलीत ओतला, केस काढला, आणि साय धरल्यासारखा दिसला म्हणून बादलीतला घोळ काठीनं चांगला ढवळला. पुन्हा पेला भरून मोजलं. चोवीस.

तिला वाटलं, घड्याळ उशिरा सुरू केलं असेल. स्वतःवर तिचा फारसा विश्वास कधीच नसे. पुन्हा मोजलं, तरी चोवीसच. मग बादली तशीच ठेवून ती दुसऱ्या कामाला लागली. वीस मिनिटांनी, न ढवळता, सदतीस. काठी फिरवली की पुन्हा चोवीस.

आता तिला चैन पडेना. पाच मिनिटं ठेवून पाहिलं, दहा ठेवून पाहिलं. आकडे पायरी पायरीनं वर चढत होते. बादली तीच, त्यात पाण्याचा थेंब गेला नव्हता की मातीचा कण. मग एकाच घोळाचे एवढे आकडे कसे? आणि यातला खरा कोणता?

पायऱ्यांवरूनच तिला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी तपासणीची खोली वर हलवली होती, खालच्या धुळीनं वजनकाटा बिघडतो म्हणून. पूर्वी ती हौदाशेजारच्या खांबाला टेकून मोजायची. आता बादली मालाच्या लिफ्टनं येई, लिफ्ट मोकळी असेल तेव्हा. आल्यावरही आधीची कामं संपेपर्यंत कोपऱ्यात उभी राही. आणि नमुना जसा आला तसाच मोजायचा, त्याला हात लावायचा नाही, हा नियम ती मोठ्या निष्ठेनं पाळत आली होती.

शुक्रवारी तिनं सुपरवायझरना हौदाशी बोलावलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "घोळ बरोबर असतो. वर येईपर्यंत घट्ट होतो, आणि मी उगाच पाणी घालायला लावते."

"म्हणजे जिना चढून दमतो म्हणता?"

"दमत नाही, आरामात बसतो. बसला की घट्ट होतो, हलवला की पातळ. पाहा."

तिनं उभ्या ठेवलेल्या बादलीतला पेला मोजला, मग काठी फिरवून दुसरा. अडतीस, चोवीस. सुपरवायझरनी घड्याळ स्वतःच्या हातात घेतलं आणि पुन्हा मोजलं. मग पेला उचलून त्यांनी भोक उजेडाकडे धरून तपासलं.

"यात नवल काय?" मामा म्हणाले. "पाइपात जरा थांबला की अडतो, म्हणून तर मी पाइपाला थापा मारतो. चाळीस वर्षं मारतोय."

"मग सांगितलं का नाहीत?" सुपरवायझरनी विचारलं.

"मला वाटलं, शिकलेल्यांना एवढं माहीत असणार."

"आणि मला वाटलं, तुमचा हात बिघडला," भाची म्हणाली.

त्या दिवशी हौदात जादा पाणी पडलं नाही. त्या दिवशीच्या घोळाची साठ बेसिनं वाळेपर्यंत मामांचं खोकी बांधायचं काम पुढे ढकललं. बुधवारी तिघांनी मिळून एकेक बेसिन तपासलं. तडा दोनच बेसिनांना होता. त्यातलं एक मामांनीच ट्रॉलीवर आपटलं होतं. सुपरवायझर मामांना एवढंच म्हणाले, "हौदाकडे बघा. आणि ट्रॉलीकडेही."

वजनकाटा वर राहिला, पेला आणि तिचं स्टूल खाली आलं. वहीतले तीन आठवड्यांचे आकडे तिनं खोडले नाहीत. ते खोटे नव्हते. प्रत्येकासमोर तिनं लिहिलं: उभ्या बादलीतला.

"पण घट्ट का होतो गं?" मामांनी विचारलं. "कोणी त्यात चिमूटभरही काही टाकत नाही."

"ते मला अजून कळलेलं नाही. पुस्तकात पाहते."

"पाहा. तोवर एक कर. जेवणाच्या सुट्टीभर ठेवला तर किती येतील? मी म्हणतो, पन्नास."

"चाळीसच्या वर जाणार नाही."

त्यांनी बादली खांबाशी ठेवली, कोणी ढवळू नये म्हणून वर फळी टाकली. डबे मात्र दोघांनी तिथेच, बादलीवर नजर ठेवून उघडले.