ऐनाच्या ढोलीवरचा घाव

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. पळस्प्याला मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या पाट्यातून बळीराम लोहाराने मला घडवले, बाभळीची मूठ बसवली आणि जगनच्या हाती दिले. तेव्हापासून वीस वर्षे मी त्याच्या कमरेच्या आकडीला लटकत आलो.

जगन आणि त्याची बायको गोदू यांचे शेत कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याला अगदी लागून आहे. शहरातली माणसे रविवारी गळ्यात कॅमेरे अडकवून येतात आणि मान दुखेपर्यंत वर बघत बसतात. आम्हाला तेच पक्षी अंगणातून दिसतात! पावसाळ्यात मी बांधावरचे गवत कापतो, तेव्हा कर्नाळा किल्ल्याचा सुळका ढगात बुडालेला असतो. थंडीत कुंपणासाठी काटे तोडतो. ऊन तापू लागले की राबाची तयारी. रोपांसाठी भात जिथे पेरायचा, ती जागा पाला, फांद्या आणि शेण पसरून भाजतात. त्या फांद्या मीच छाटतो. "एका घावात खाली!" असे जगन चारचौघांत सांगे आणि मी फुगून जाई. खोटे कशाला बोलू?

मागच्या वर्षी होळीनंतर जगन राबासाठी फांद्या छाटायला बांधावरच्या ऐनावर चढला. खोडातल्या ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले होते, मधे बोटभर फट.

"गोदू, टोप आण! आत मोहोळ हाय!"

ढोलीतला मध काढण्यात जगनचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, म्हणून त्याला शंकाही आली नाही. त्याने माझा घाव घातला. लिंपणाचे ढेकूळ खाली पडले आणि आतून एक लांब, वाकडी चोच बाहेर येऊन किंचाळली.

"अवो, थांबा! धनेशाची मादी हाय ती," गोदू खालून ओरडली. "अंड्यांवर बसलीय. तिला आता उडता पन येत नाय!"

धनेशाची मादी स्वतःला असे कोंडून घेते, पिसे गाळते आणि नर तिला फटीतून फळे भरवतो. आता भिंत फुटली होती. नर घाबरून आला नाही, तर ती आत उपाशी मरणार होती. जगन घाईने खाली उतरला. मला पहिल्यांदाच माझ्या धारेची लाज वाटली.

दोघे लांब आंब्याखाली जाऊन बसले. नर आला, दोन घिरट्या घालून निघून गेला. जगनने भाकरीला हात लावला नाही. "माज्या हातानं झालं," एवढेच तो म्हणत राहिला. उन्हे कलली तेव्हा नर परत आला. फुटक्या भिंतीपाशी जरा थबकला आणि त्याने चोचीतले उंबर आत दिले. जगनने डोळे पुसले. तीन दिवसांत मादीने आतून नवे लिंपण घातले.

"बघा, गवंडी लावायला नको," गोदू हसून म्हणाली.

त्या वर्षी ऐनाला कोणी हात लावला नाही. पेंढा आणि शेणावरच राब भाजला. पावसाच्या तोंडावर ढोलीतून दोन पिल्ले बाहेर पडली.

आता घरात गवत कापायचे मशीन आले आहे आणि मी बराचसा खुंटीवरच असतो. माझी तक्रार नाही, इथे बरे चालले आहे. अधूनमधून जगन मला घेऊन झाडावर चढतो, पण आधी खोडाला कान लावतो. मित्रांनो, तुम्हीही एवढे करा. मला लोहाराने धार दिली, थांबणे दिले नाही. ते हातानेच शिकायचे असते.